गाणं चाललं की कलाकार चालला?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "मी पुण्यात शिकते. पॉप भरपूर ऐकते, इंग्रजीही आणि आपल्याकडचंही. एखादा नवा कलाकार मोठा होण्याआधीच ओळखता यावा आणि पॉपच्या व्यवसायात काय चाललंय यावर नेमकं लिहिता यावं, असं वाटतं. त्यासाठी आकडे बघायचे की कानावर विसंबायचं? आणि यातून पुढे काम मिळतं का?"

मी आधी रेडिओसाठी गाणी निवडायचे, मग स्ट्रीमिंगसाठी प्लेलिस्ट लावल्या आणि आता मुंबईत नव्या गायकांना करार आणि नियोजनात मदत करते. त्या अनुभवावरून उत्तर देते. लांबेल, पण प्रश्नच तसा आहे.

आमच्या क्षेत्रात सगळ्यात जास्त पैसा बुडतो तो एका गैरसमजामुळे: गाणं चाललं म्हणजे कलाकार चालला. या दोन वेगळ्या घटना आहेत. गाणं रीलमधून लाखो लोकांच्या कानावर पडतं, त्यातले बरेचसे पंधरा सेकंदांचा मुखडा गुणगुणतात, पण कोण गातंय हे त्यांना ठाऊक नसतं आणि जाणून घ्यायचंही नसतं. कलाकार चालतो तेव्हा माणसं एका गाण्यावरून दुसऱ्यावर जातात, जुनी गाणी शोधून काढतात, पुढचं कधी येतंय म्हणून विचारत राहतात. नवा कलाकार ओळखायचा म्हणजे ही दुसरी हालचाल, ती अगदी छोटी असताना, टिपायची.

आकड्यांतही ती दिसते, फक्त योग्य आकडा बघायला हवा. स्पॉटिफायवरचा 'मंथली लिसनर्स' हा आकडा सगळे मिरवतात. गेल्या २८ दिवसांत ज्यानं एकदा तरी ऐकलं तो प्रत्येक जण त्यात धरला जातो. एखाद्या मोठ्या प्लेलिस्टमध्ये गाणं लागलं की तो फुगतो, तिथून निघालं की बसतो. त्यापेक्षा कलाकाराचं पान उघडून सगळ्यात जास्त ऐकलेल्या गाण्यांपैकी पहिल्या आणि चौथ्या गाण्याच्या आकड्यांतलं अंतर बघा. पहिलं कोटींत आणि चौथं काही हजारांत असेल, तर गाणं चाललंय. अंतर कमी असेल आणि दोन वर्षांपूर्वीचं गाणंही हळूहळू चढत असेल, तर माणसं थांबताहेत. मग यूट्यूबवरच्या प्रतिक्रिया वाचा. "रीलवरून आलो" असं लिहिणारे किती आणि दुसऱ्या अंतऱ्यातली ओळ लिहिणारे किती? कुणी घरी बसून त्या कलाकाराचं कमी ऐकलेलं गाणं गिटारवर गाऊन टाकलंय का? टाकलं असेल, तर तो माझ्या मते दहा लाख व्ह्यूजपेक्षा भक्कम पुरावा आहे.

अलीकडचं सगळ्यात बोलकं उदाहरण पॉप गायिका चॅपल रोनचं. अमेरिकेतल्या मिझुरीची ही मुलगी सतराव्या वर्षी अटलांटिक रेकॉर्ड्स या मोठ्या लेबलकडे, म्हणजे गाणी काढणाऱ्या कंपनीकडे गेली. एप्रिल २०२० मध्ये तिचं 'पिंक पोनी क्लब' आलं. नाचघराबद्दलचं गाणं, आणि जगभरची नाचघरं तेव्हा बंद. त्याच वर्षी लेबलनं तिला सोडलं. ती गावी परतली, मिळेल ते काम केलं आणि निर्माता डॅन नाइग्रोबरोबर पुन्हा गाणी रचू लागली. सप्टेंबर २०२३ मध्ये पहिला अल्बम आला तेव्हा अमेरिकेतल्या बिलबोर्ड मासिकाच्या मुख्य अल्बम यादीत तो दिसलासुद्धा नाही. मात्र तिच्या छोट्या छोट्या कार्यक्रमांत एक गोष्ट आधीच घडत होती. प्रत्येक गावासाठी ती पोशाखाचा एक विषय जाहीर करायची आणि लोक खरोखर तसे नटून यायचे. तिच्याआधी मंचावर त्या त्या शहरातले ड्रॅग कलाकार (भडक वेषांतर करून, बहुधा स्त्रीवेषात, मंचावर येणारे) असायचे. म्हणजे प्रेक्षक नुसता ऐकायला येत नव्हता, तो आठवडाभर तयारी करून येत होता. २०२४ च्या सुरुवातीला ऑलिव्हिया रॉड्रिगो या पॉप गायिकेच्या दौऱ्यात मुख्य कार्यक्रमाआधी तिला गायला मिळालं, एप्रिलमध्ये कोचेला या मोठ्या महोत्सवात ती गायली, 'गुड लक, बेब!' आलं. ऑगस्टमध्ये शिकागोच्या लोलापालूझा महोत्सवात तिचा कार्यक्रम मोठ्या मंचावर हलवावा लागला आणि तिथे प्रचंड गर्दी झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोत्तम नवोदित कलाकाराचं ग्रॅमी तिला मिळालं आणि ते घेताना तिनं लेबलांनी नव्या कलाकारांना जगण्यापुरता पगार आणि आरोग्य विमा द्यावा, अशी जाहीर मागणी केली.

यादीला जे २०२४ मध्ये कळलं ते २०२३ मध्ये त्या खोलीत उभ्या असलेल्या कुणालाही दिसत होतं. आणखी एक वाट होती, ती तुम्ही पुण्यात बसूनही चालू शकला असता: डॅन नाइग्रो हे नाव. २०२१ मध्ये ऑलिव्हियाचा पहिला अल्बम गाजला तो त्याच्याबरोबर केलेला. "हा माणूस आणखी कुणाबरोबर काम करतोय?" एवढंच तेव्हा ज्यानं शोधलं, त्याला चॅपल रोन बाकीच्यांच्या दोन-तीन वर्षं आधी सापडली. म्हणून माझा आग्रह असतो की गाणं आवडलं की क्रेडिट्स उघडा. संगीत कुणी रचलं, निर्मिती कुणाची, मिक्सिंग कुणी केलं, शब्द कुणाचे, मागे कोणाचा आवाज आहे. त्या प्रत्येक नावाचं पान उघडा. मोठ्या कलाकाराच्या आधी मंचावर कोण गातंय हेही बघा, कारण ती निवड बहुतेक वेळा त्याची स्वतःची किंवा त्याच्या जवळच्या माणसांची असते. अल्गोरिदम तुम्हाला तुमच्या आवडीसारखंच आणखी देतो. क्रेडिट्स तुम्हाला तुमच्या आवडीबाहेर नेतात.

कलाकार आधी कोण निवडतं हे कसं बदललं, याची साक्ष एक जुनी संस्था देते. बीबीसी २००३ पासून दर जानेवारीत 'साउंड ऑफ' ही यादी जाहीर करते, येत्या वर्षात कुणाकडे लक्ष ठेवावं हे सांगणारी. २००८ मध्ये तिथे ॲडेल पहिली आली तेव्हा तिचा पहिला अल्बमही यायचा होता. २०२५ मध्ये पहिली आली चॅपल रोन, जी तोवर जगभर पोहोचली होती. पूर्वी संपादक, रेडिओवाले, लेबलवाले असे थोडे लोक दार उघडायचे आणि मग लोकांना कलाकार दिसायचा. आता लोकांनी आधीच निवडलेल्यावर जाणकार शिक्का मारतात. तुमच्यासारखीला यात फायदा आहे: दारावर उभं राहणाऱ्यांना जे दिसतं ते तुम्हालाही दिसू शकतं.

पण नुसत्या आकड्यांच्या बळावर तुम्ही कुणाच्या पुढे जाणार नाही. वॉर्नर म्युझिकनं २०१८ मध्ये सोडाटोन ही कलाकार हेरणारी डेटा कंपनी विकत घेतली, ॲपलनं त्याच वर्षी असाई ही तशीच कंपनी घेतली. एखादं गाणं एका रात्रीत उसळलं की मोठ्या लेबलांच्या संगणकावर सकाळी ते दिसतं. तुमच्याकडे जे आहे आणि त्यांच्याकडे नाही ते म्हणजे तुमची भाषा, तुमचं शहर, तुमचं वय.

आपल्याकडचं बघा. फेब्रुवारी २०२४ मध्ये संजू राठोडचं 'गुलाबी साडी' आलं आणि देशभर, मराठी न कळणाऱ्यांच्याही रील्सवर वाजलं. तेव्हा या क्षेत्रातल्या कित्येकांनी ते एका गाण्याचं नशीब मानलं. ज्यांनी त्याआधीचं 'नऊवारी पाहिजे' ऐकलं होतं, जळगाव जिल्ह्यातून आलेल्या या मुलाच्या गाण्यावर लग्नात आणि गणपतीत पोरं कशी नाचतात हे पाहिलं होतं, त्यांचा अंदाज वेगळा होता. संगीतनिर्माता जी-स्पार्कबरोबर त्यानं एक ओळखू येणारा घाट बसवला होता: घराघरात बोलली जाणारी मराठी, दोनदा ऐकून पाठ होणारा मुखडा, खाली आजचा नाचता ठेका. २०२५ मध्ये 'शेकी' आलं आणि तेही तसंच पसरलं. तिथे प्रश्न मिटला. दुसरं मोठं गाणं हीच खरी कसोटी असते, आणि ते येण्याआधी अंदाज बांधायचा असेल, तर पहिल्या मोठ्या गाण्याच्या मागे जा. मागे काही बांधकाम आहे का? 'नवोदित' हा शब्दही त्यामुळे जपून वापरा. सब्रिना कार्पेंटरला २०२४ मध्ये अनेकांनी पहिल्यांदा ऐकलं, पण तिचं पहिलं गाणं २०१४ चं आहे आणि २०२४ मध्ये आलेला अल्बम सहावा.

आता कानाबद्दल. मी तीन गोष्टी ऐकते. पहिल्या ओळीत आवाज ओळखू येतो का? चांगला आवाज म्हणत नाही मी, ओळखू येणारा. दुसरं, शब्दांचं स्वतःचं जग आहे का, की पाऊस, चहा, आठवण या तयार सामानावर काम भागवलंय? तिसरं, गाण्यात एखादा निर्णय आहे का, म्हणजे दुसऱ्या कुणी तो घेतला नसता असा: अंतऱ्याआधी अचानक सगळं थांबवणं, मुखडा उशिरा आणणं, बोलीतला शब्द तसाच ठेवणं. "खरं गाणं नुसत्या गिटारवरही उभं राहिलं पाहिजे" असं सांगणारे तुम्हाला भेटतील. मला ते पॉपच्या बाबतीत पटत नाही. पॉपमध्ये निर्मिती हीच रचना असते. ठेक्याचा पोत, आवाजावरची प्रक्रिया, शांततेची जागा काढून घेतली की उरतं ते वेगळंच गाणं असतं.

प्रत्यक्ष कार्यक्रमाला पर्याय नाही. पुण्यात २०१० मध्ये एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सव सुरू झाला तेव्हापासून दुपारच्या उन्हातल्या छोट्या मंचांवर पुढे मोठे झालेले किती तरी आवाज आम्ही ऐकले. आता मुंबईच्या लोलापालूझातही भारतीय नव्या नावांना लवकरचे वेळ मिळतात. त्या वेळी पोचा, मुख्य कलाकाराला रात्री सगळेच असतात. पहिल्या रांगेकडे बघू नका, तिथे मित्रमंडळी असतात. खोलीच्या मागच्या बाजूला उभं राहा. चौथ्या गाण्यापर्यंत मागचे लोक बोलायचे थांबले का? माहीत नसलेला मुखडा दुसऱ्यांदा आला तेव्हा ओठ हलले का? तांत्रिक बिघाड झाला, माइक गेला, तर कलाकार काय करतो? आणि दोनेक महिन्यांनी तोच कलाकार पुन्हा ऐका. ओळखीचे चेहरे कमी होऊन अनोळखी वाढले असतील, तर लिहायला घ्या.

आता कल, म्हणजे ट्रेंड. इथे माझा नियम असा की गाणी बदलताना दिसली की आधी पैसे देण्याचा नियम कुठे बदलला ते शोधायचं. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं की एक स्ट्रीम मोजला जातो. त्या एका नियमानं सुरुवातीचं लांब वाद्यसंगीत आखडलं, मुखडा पुढे आला, गाणी आटोपशीर झाली, कारण चार मिनिटांचं गाणं एकदा ऐकणं आणि दोन मिनिटांचं एकदा ऐकणं याचा मोबदला सारखाच. "हल्लीच्या पिढीचं लक्षच टिकत नाही" हे वाक्य लिहिण्याआधी हा हिशोब मांडा. भारतात २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली आणि जुलैच्या सुरुवातीलाच इन्स्टाग्रामनं इथे रील्स आणले. आपल्या पॉपचा आजचा आकार त्या दोन आठवड्यांत ठरला म्हटलं तरी चालेल. २०२० मध्येच स्पॉटिफायनं 'डिस्कव्हरी मोड' जाहीर केला: कमी रॉयल्टी स्वीकारा, अल्गोरिदम तुमचं गाणं जास्त सुचवेल. म्हणजे 'आपोआप सुचलेलं' गाणं कधी कधी कमी मोबदल्यात सुचवलेलं असतं, हे लिहिणाऱ्याला ठाऊक हवं. २०२४ पासून वर्षात १,००० स्ट्रीम न गाठणाऱ्या गाण्याला तिथे रेकॉर्डिंगची रॉयल्टीच मिळत नाही. ज्यांच्यावर तुम्ही लिहिणार आहात ते अगदी नवे कलाकार नेमके याच रेषेच्या खाली असतात.

दुसरा मोठा कल जुन्या गाण्यांचा. अमेरिकेत जे ऐकलं जातं त्यातला सुमारे तीन चतुर्थांश भाग दीड वर्षापेक्षा जुन्या संगीताचा आहे. केट बुशचं १९८५ चं गाणं एका मालिकेमुळे २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. टेडी स्विम्सचं 'लूज कंट्रोल' २०२५ मध्ये बिलबोर्डच्या हॉट १०० यादीत शंभर आठवडे पूर्ण करणारं पहिलं गाणं ठरलं. यावरून नवं संगीत संपलं असं म्हणणारे घाईत आहेत. पूर्वी दुकानात जुनी कॅसेट घेतली की तिची नोंद एकदाच व्हायची, मग ती घरी हजार वेळा ऐकली तरी कुणाला कळत नसे. आता प्रत्येक ऐकणं मोजलं जातं. सवयीचा काही भाग तरी जुनाच असणार, मोजमाप नवं आहे. मात्र यामुळे नव्या कलाकाराला एकाच यादीत सगळ्या काळाशी झुंजावं लागतं, हे खरं, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

एका यशाला कल म्हणायचं नाही, हेही सांभाळा. क्रेटेक्स आणि श्रेयस सागवेकर यांचं 'तांबडी चामडी' २०२४ मध्ये स्पिनिन रेकॉर्ड्स या डच डान्स लेबलनं काढलं. मला मनापासून आनंद झाला. पण "मराठी पॉप जगभर पोहोचलं" असं त्यावरून लिहिणं चूक. लिहिता येतं ते इतकंच: हाउस या नाचत्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या एका मोठ्या लेबलला मराठी शब्द तसेच ठेवून गाणं काढण्यात जोखीम वाटली नाही. त्याच वर्षी हनुमानकाइंडचं 'बिग डॉग्ज' हॉट १०० मध्ये २३ पर्यंत गेलं, पण ते इंग्रजी रॅप आहे. त्याची वाट निराळी, दोन्ही एका माळेत ओवू नका. कल तेव्हा म्हणा जेव्हा एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार कलाकार तेच करताहेत आणि कुणी तरी त्यावर स्वतःचे पैसे लावतंय.

करारांकडे दुर्लक्ष करून व्यवसायावर लिहिता येत नाही. 'रे' (RAYE) नावाची ब्रिटिश गायिका २०१४ मध्ये पॉलिडोर या लेबलकडे गेली आणि २०२१ पर्यंत तिचा अल्बम निघाला नव्हता. जूनमध्ये तिनं हे जाहीरपणे सांगितलं आणि लेबलमधून बाहेर पडली. स्वतंत्रपणे काढलेलं 'एस्केपिझम' जानेवारी २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये पहिलं आलं, २०२४ मध्ये एका रात्रीत सहा ब्रिट पुरस्कार मिळवून तिनं विक्रम केला. तिचा आवाज तोच होता, बदलला तो करार. आपल्याकडे २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क सहीनं सोडून देता येणार नाही असा केला, पण मास्टर रेकॉर्डिंग, म्हणजे गाण्याचं मूळ ध्वनिमुद्रण, कुणाच्या मालकीचं हे करारातच ठरतं. नव्या कलाकाराची मुलाखत घ्याल तेव्हा प्रेरणा विचाराच, आणि मास्टर कुणाकडे आहे हेही विचारा. सांगायचं नसेल तर तो सांगणार नाही, पण प्रश्न ऐकून काही जण पहिल्यांदाच आपला करार नीट वाचतात. हे मी पाहिलंय.

एक ताजी अडचण: समोरचा कलाकार माणूस आहे का, हे आता तपासावं लागतं. २०२५ च्या उन्हाळ्यात व्हेल्व्हेट सनडाउन या बँडचे स्पॉटिफायवर दहा लाखांवर मासिक श्रोते झाले आणि मग कळलं की संगीत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीनं बनवलेलं आहे. डीझर या फ्रेंच सेवेनं त्याच वर्षी एप्रिलमध्ये सांगितलं की रोज चढवल्या जाणाऱ्या गाण्यांपैकी १८ टक्के पूर्णपणे अशी असतात, आणि पुढच्या महिन्यांत तो आकडा वाढतच गेला. त्यामुळे लिहिण्याआधी बघा: कुठे प्रत्यक्ष गायलेत का, जुने अर्धवट व्हिडिओ आहेत का, क्रेडिट्समध्ये दुसरी माणसं आहेत का, काही आठवड्यांत दोन-तीन अल्बम आलेत का.

लिहिताना "पुढची अमुक" म्हणायचं टाळा. वीस वर्षांच्या मुलीच्या गळ्यात दुसऱ्या कुणाचं नाव अडकवलं की ते काढायला तिची वर्षं जातात. पैसे किंवा पास घेऊन लिहिलं असेल तर पहिल्याच ओळीत सांगा. आणि नोंदवही ठेवा: तारीख, कलाकार, काय ऐकलं, तेव्हाचे आकडे, का टिकेल वाटतं, कशामुळे बिनसू शकतं. सहा महिन्यांनी त्याच नोंदीखाली पुढचं लिहा, आधीचं खोडू नका.

कामाचं विचारलंत. लेबलांच्या ए अँड आर (नवे कलाकार हेरणाऱ्या) विभागात, गाणी स्ट्रीमिंगवर पोचवणाऱ्या डिस्ट्रिब्युशन कंपन्यांत, स्ट्रीमिंगच्या संपादकीय गटात, महोत्सवांच्या निवड समितीत आणि जाहिरात-मालिकांसाठी गाणी शोधणाऱ्यांकडे अशी माणसं लागतात. जागा थोड्या आहेत, सुरुवातीचा पगार बेताचा असतो आणि बरीचशी कामं मुंबईत आहेत. मराठी, कोकणी, अहिराणी कानानं ओळखणारी माणसं मात्र या खुर्च्यांवर फारच कमी आहेत आणि तिथे तुमची गरज आहे. अर्ज करताना नुसती "मला संगीताची आवड आहे" अशी पत्रं पाठवू नका. त्या नोंदवहीतली तीन पानं पाठवा, तारखांसकट, ज्यात निदान एका कलाकाराचं नाव समोरच्यानं कधी ऐकलेलं नसेल.